फिल्म करून पीएच.डी. करताना: माझ्या निर्णयवहीची चार वर्षं

२७ जून २०२५ ला ग्रंथालयात प्रबंधाची शेवटची प्रत जमा केली आणि पोचपावती घेतली. नोंदणी झाली होती ९ ऑगस्ट २०२१ ला. या काळात मला सगळ्यात जास्त कशाची उणीव भासली असेल, तर या वाटेने आधी गेलेल्या कुणीतरी साध्या शब्दांत लिहून ठेवलेल्या अनुभवाची. नियमावली सगळ्यांकडे असते. तिच्यात एका ओळीत म्हटलेलं असतं की सर्जनशील कृती आणि लेखी प्रबंध मिळून एकच संशोधन मानलं जाईल. ती ओळ प्रत्यक्षात कशी उतरवायची, हे मला सहा-सात महिने कळत नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

माझ्या कामात ५२ मिनिटांची एक फिल्म आहे आणि ४०,००० शब्दांचा प्रबंध. फिल्म एका पुस्तकबांधणी करणाऱ्या वयस्कर कारागिराच्या कामावर आहे. त्यांना मी काका म्हणते, इथेही तेच म्हणेन.

प्रस्तावाचा पहिला खर्डा मी चार दिवसांत लिहिला. 'बांधणीच्या कारागिरीवर माहितीपट करायचा आहे' असा त्याचा सूर होता. मॅडमनी (माझ्या मार्गदर्शिका) तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हा विषय झाला. तुझा प्रश्न कुठे आहे?" पुढचे साडेतीन महिने मी या एका वाक्याशी झगडत होते. सात खर्डे झाले.

दोन गोष्टींनी वाट दाखवली. पहिली, ब्रिटिश कला-अभ्यासक ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये मांडलेली तीन प्रकारांची विभागणी: कलेविषयी संशोधन, कलेसाठी संशोधन आणि कलेद्वारे संशोधन. बांधणीच्या इतिहासावर लिहिलं तर ते पहिल्यात बसतं. फिल्मसाठी माहिती गोळा केली तर दुसऱ्यात. तिसऱ्यात बसायचं असेल, तर फिल्म करत असतानाच असं काही कळायला हवं जे फिल्म केल्याशिवाय कळलंच नसतं. माझे पहिले चार खर्डे दुसऱ्या प्रकारात होते आणि मी त्यांना तिसरा म्हणत होते.

दुसरी गोष्ट रुक्ष आहे, पण प्रस्ताव लिहिणाऱ्याने ती जरूर वाचावी. संशोधन कशाला म्हणायचं हे ठरवण्यासाठी अनेक देशांतल्या सरकारी यंत्रणा फ्रास्काती मॅन्युअल ही ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका वापरतात. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत पाच कसोट्या आहेत: काम नवं हवं, सर्जनशील हवं, त्याचा निकाल आधी ठाऊक नसावा, ते पद्धतशीर हवं आणि त्यातून मिळालेलं इतरांना वापरता यायला हवं. कला-प्रयोगांना हा दस्तऐवज फारसा अनुकूल नाही. कलाशिक्षण संस्थांच्या संघटनांनी २०२० मध्ये व्हिएन्ना जाहीरनामा काढला, तो कलेतल्या संशोधनाला रीतसर मान्यता मिळावी म्हणूनच. तरी त्या पाच कसोट्या मी भिंतीवर चिकटवल्या. तिसरी कसोटी सगळ्यात उपयोगी पडली. प्रत्येक खर्ड्याला मी विचारायचे, याचं उत्तर मला आजच माहीत आहे का? माहीत असेल, तर चित्रीकरणाची गरजच काय?

डिसेंबरमध्ये प्रश्न ठरला: जे ज्ञान हातात असतं आणि शब्दांत सांगता येत नाही, ते कॅमेऱ्याने कसं दाखवावं? समितीसमोर सादर केला तेव्हा एका सदस्याने विचारलं, "आणि फिल्म चांगली झाली नाही तर?" मी गडबडले. आता उत्तर देता येईल. फिल्म फसली तरी ती का फसली, हे पुढच्याला उपयोगी पडेल अशा रीतीने सांगता आलं तर संशोधन उभं राहतं. समितीसमोर जाण्याआधी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, तो येतोच.

मग नीतिसमिती, म्हणजे माणसांना सहभागी करून घेणाऱ्या संशोधनाला आधी परवानगी देणारी समिती. या टप्प्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. अर्ज दिला १४ जानेवारी २०२२ ला. ४ मार्चला तो अकरा शंकांसह परत आला. २५ मार्चला सुधारून दिला, ६ मे ला मंजुरी मिळाली. सोळा आठवडे. या काळात एकही फ्रेम चित्रित करता येत नाही, आणि मी काकांना फेब्रुवारीचा शब्द देऊन बसले होते. तो मागे घ्यायला गेले तेव्हा मान वर होत नव्हती. वेळापत्रकात या टप्प्याला चार महिने धरा आणि मंजुरी हातात येईपर्यंत कुणालाही तारीख देऊ नका.

अडचण अशी की अर्जाचा नमुना मुलाखती आणि प्रश्नावल्यांच्या संशोधनासाठी बनवलेला असतो. 'सहभागी व्यक्तीची ओळख कशी लपवाल?' असा रकाना आहे. फिल्ममध्ये माणसाचा चेहरा, आवाज, हात सगळं दिसणार. 'पाच वर्षांनी माहिती कशी नष्ट कराल?' फिल्म तर जपून ठेवण्यासाठीच करायची. पहिल्या वेळी मी हे रकाने 'लागू नाही' लिहून सोडले, आणि अकरापैकी सहा शंका तिथेच आल्या. दुसऱ्या वेळी तिथे सविस्तर लिहिलं. ओळख लपवता येणार नाही हे सरळ मान्य केलं आणि संमती एकदाच न घेता तीनदा घेण्याचं ठरवलं: चित्रीकरणाआधी, कच्चं संकलन पाहिल्यावर आणि सार्वजनिक दाखवण्याआधी. काका कुठल्या तारखेपर्यंत माघार घेऊ शकतात तेही लिहिलं. वापरलेली फिल्म आणि न वापरलेलं चित्रीकरण यांच्या जपणुकीचे नियम वेगळे दिले. हे उत्तर समितीने जसंच्या तसं स्वीकारलं. संमतीपत्र वाचून दाखवताना काका मधेच म्हणाले, "माझं नाव टाकणार आहेस ना पण?" ओळख लपवण्याच्या रकान्यावर इतके दिवस डोकं फोडत असताना हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. नामोल्लेखाची इच्छा असा एक रकाना मी स्वतःहून वाढवला.

त्याच अर्जासोबत माहिती साठवण्याचा आराखडा लागतो. आकडा आधी काढा. माझा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने नोंद करायचा, म्हणजे तासाला साधारण ४५ जीबी. शेवटी ४६ तासांचं चित्रीकरण झालं, म्हणजे २ टीबीच्या वर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम पाळला तर सहा-सात टीबी जागा लागते. कॅमेरा आणि दिवे विभागाकडून फुकट मिळाले. खिशातून गेले ते हार्ड डिस्कवर, ध्वनिमिश्रणावर आणि उपशीर्षकांवर. एकट्या ध्वनिमिश्रणावर माझ्या बजेटचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गेला, आणि प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात मी त्याची ओळसुद्धा घातली नव्हती.

चित्रीकरण जून २०२२ मध्ये सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तुकड्यातुकड्यांत ३१ दिवस चाललं. पहिले पाच-सहा दिवस मी हातांचे जवळून शॉट घेत होते. सुंदर दिसत होते. संध्याकाळी पाहिले की मात्र वाटायचं, यातून कुणाला काय कळणार? हात दिसतात, हातातलं ज्ञान दिसत नाही.

सातव्या दिवशीचा प्रसंग. काकांनी नवा ताव उचलला, दोन कडा एकमेकींजवळ आणल्या आणि घडी न घालता नुसता वाकवून सोडला. दोन-तीनदा. मग ताव काटकोनात फिरवून पुन्हा तसंच. एका बाजूने तो मऊ झुकत होता, दुसऱ्या बाजूने ताठरत होता. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पसरतात. ती दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवावी लागते, नाहीतर पुस्तक नीट उघडत नाही आणि खळ लागली की पानं लाटा धरतात. हे मी वाचलं होतं. ताव वाकवताना काका मात्र त्याच्याकडे पाहतच नव्हते, नजर खिडकीकडे होती. मी विचारलं, "काका, कसं कळतं?" ते म्हणाले, "कळतं." जरा थांबून म्हणाले, "ऐक." त्यांनी तावाला तंतूंच्या दिशेने घडी घातली आणि हाडाची पट्टी फिरवली. एकसलग, मऊ आवाज आला. मग आडव्या दिशेने घडी घातली. बारीक कुरकुर झाली, जणू कागद आतून तडकतोय.

त्या दिवशी माझा माइक कॅमेऱ्यावर होता. ती कुरकुर ध्वनिमुद्रणात जेमतेम ऐकू येते.

रात्री मी वहीत लिहिलं: प्रश्न चुकीच्या इंद्रियाला विचारतेय. दुसऱ्या दिवसापासून ध्वनीची मांडणी बदलली. टेबलाच्या खालच्या बाजूला संपर्क माइक (लाकडातली कंपनं थेट पकडणारा), हातांच्या वर एक दिशिक माइक (एकाच दिशेचा आवाज घेणारा). दर सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी खोलीची नुसती शांतता साठ सेकंद मुद्रित करायची. संकलनात या शांततेचे तुकडे मला शॉटपेक्षा जास्त लागले, म्हणून हे कधीच चुकवू नका. संशोधनाचा प्रश्नही बदलला: हातातलं ज्ञान ऐकवता येतं का? प्रश्न बदलला की विभागाला बदलाचा अर्ज द्यावा लागतो. मी घाबरून तीन महिने दिला नाही. पुढे प्रगती-परीक्षणात तो बदल उघडा पडला आणि सहा आठवड्यांची दिरंगाई झाली. खरं तर करता करता प्रश्न बदलणं ही या पद्धतीची खूण आहे. समितीला बदलाशी अडचण नव्हती, न कळवण्याशी होती.

आता वही. मॅडमनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की निर्णयांची नोंद ठेव, रोजनिशी नको. फरक मला उशिरा कळला. 'आज चार तास चित्रीकरण, प्रकाश छान होता' ही रोजनिशी झाली. निर्णयवहीत मी पाच रकाने आखले: तारीख आणि वेळ, काय ठरवलं, दुसरे कोणते पर्याय होते, हा पर्याय का निवडला, नंतर काय दिसलं. शेवटचा रकाना दोन-तीन आठवड्यांनी भरायचा. त्या रकान्यातूनच माझी दोन प्रकरणं उभी राहिली. संकलनाच्या प्रकल्पाची फाइलही रोज तारखेच्या नावाने वेगळी साठवायची, जुनीवर नवी चढवायची नाही. हे मी सुरुवातीला केलं नाही, आणि पहिल्या तीन आठवड्यांतले संकलनाचे प्रयत्न गेले. त्यांच्याबद्दल आज फक्त माझी आठवण शिल्लक आहे, आणि परीक्षकांपुढे आठवण पुरावा म्हणून ठेवता येत नाही.

या बाबतीत मला रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांची गोष्ट फार जवळची वाटते. १९१९ मध्ये मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली आणि तिथे त्यांची कार्यशाळा चालायची. कच्च्या फिल्मचा इतका तुटवडा होता की विद्यार्थी फिल्मशिवायच्या फिल्म्स करायचे, म्हणजे शॉटमागून शॉट रंगमंचावर करून पाहायचे. शिक्षण, निर्मिती आणि प्रयोग यांची गाठ या क्षेत्रात शंभर वर्षांपूर्वीच पडली होती ती अशी. त्यांचा एक प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे: नटाचा तोच भावहीन चेहरा वेगवेगळ्या शॉटना जोडला की प्रेक्षकाला त्यावर वेगवेगळे भाव दिसतात. त्यांचे विद्यार्थी आणि पुढे दिग्दर्शक झालेले पुदोव्हकिन यांनी लिहिलंय की चेहऱ्याला जोडलेले शॉट सूपची वाटी, शवपेटीतली स्त्री आणि खेळणारं मूल यांचे होते. कुलेशोव यांच्या स्वतःच्या आठवणींशी हे तपशील नीट जुळत नाहीत, आणि मूळ तुकडा आज पाहायला मिळत नाही. इतका मोठा प्रयोग, पण नेमकं काय केलं होतं ते आपण खात्रीने सांगू शकत नाही. ज्या दिवशी वही लिहायचा कंटाळा येई, त्या दिवशी मी हे आठवत असे.

संकलन एप्रिल २०२३ ते जानेवारी २०२४. सगळ्यात जास्त वेळ गेला तो तावाच्या त्या प्रसंगावर. मांडणी बदलल्यावर तो मी पुन्हा चित्रित केला होता. शॉट एक मिनिट चाळीस सेकंदांचा. त्याच्या तीन आवृत्त्या केल्या: एकीत माझं निवेदन, तंतूंची दिशा समजावणारं, दुसरीत पडद्यावर दोन ओळी, तिसरीत काहीच नाही, फक्त कागदाचा आवाज. सहविद्यार्थ्यांच्या तीन छोट्या गटांना एकेक आवृत्ती दाखवली आणि समोर कोरे ताव ठेवले. निवेदन ऐकलेल्यांनी मला तंतूंबद्दल नीट सांगितलं. तिसऱ्या गटातल्या मुलीने काही न बोलता ताव उचलला, वाकवला, फिरवला आणि कानाजवळ नेला. यावरून मी कुठलाही सर्वसाधारण निष्कर्ष काढला नाही, माणसं मोजकीच होती. पण तिचा हात कानाकडे जाताना पाहिला आणि निवेदन काढायचं ठरलं. वहीतली ती नोंद पाच पानांची आहे.

कच्चं संकलन काकांना दाखवलं ते दुसऱ्या संमतीसाठी. पात्रांना त्यांचंच चित्रीकरण दाखवून त्यावर बोलायला लावण्याची रीत जुनी आहे. १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये चित्रित केलेल्या 'क्रॉनिकल ऑफ अ समर' या माहितीपटात ज्याँ रूश आणि एदगार मोरँ यांनी ती वापरली आणि ती चर्चाही फिल्ममध्येच घेतली. मी मात्र ही भेट निव्वळ औपचारिकता समजत होते. काका पाहता पाहता म्हणाले, "हा आवाज त्या तावाचा नाही." खरंच नव्हता. मिश्रणासाठी मी दुसऱ्या दिवशीची, जास्त स्पष्ट घडी वापरली होती, आणि तो कागद जाड होता. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण या एका वाक्यातून निघालं. ते संभाषण मुद्रित करायची परवानगी मी आधी मागून ठेवली नव्हती, म्हणून घरी येऊन आठवून लिहावं लागलं. दाखवायला जाल तेव्हा ध्वनिमुद्रक आणि त्याची संमती सोबत असू द्या.

लेखनाला फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२४ लागले. पहिल्या प्रकरणात मी फिल्मचं वर्णन केलं, या दृश्यात असं दिसतं, त्या दृश्यात तसं. मॅडमनी समासात एकच शब्द लिहिला: 'दिसतंच.' अठरा पानं गेली. नंतर मी प्रत्येक प्रकरण वहीतल्या एखाद्या निर्णयापासून सुरू करायला लागले आणि हात मोकळा झाला. फिल्मचा उल्लेख येईल तिथे मिनिट-सेकंद द्यायचे. पण फिल्मची अंतिम प्रत कुलूपबंद केल्याशिवाय वेळा लिहू नका. सुरुवातीची एक पाटी मी चार सेकंदांनी वाढवली आणि १३७ ठिकाणच्या वेळा हाताने बदलल्या. लेखात व्हिडिओ आणि ध्वनी गुंफून युक्तिवाद कसा करतात हे पाहायचं असेल, तर २०११ पासून निघणारं 'जर्नल फॉर आर्टिस्टिक रिसर्च' चाळा. ते सर्वांसाठी खुलं आहे.

१८ नोव्हेंबर २०२४ ला सादर केलं. सोबत एक पानाची सूचना जोडली: आधी फिल्म पाहावी, हेडफोन लावून, मग प्रबंध वाचावा. ही सूचना नसती तर परीक्षकांपैकी एकाने लॅपटॉपच्या स्पीकरवर पाहिलं असतं, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. फिल्मची ऑनलाइन लिंक दिली होती, तिची मुदत जानेवारीत संपली आणि दहा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. फाइल पेन ड्राइव्हवरही द्या. महोत्सवात पाठवायचा विचार असेल, तर प्रबंध ऑनलाइन भांडारात जाण्याआधी फिल्मसाठी प्रकटन-स्थगितीचा (ठरावीक काळ ती खुली न करण्याचा) अर्ज करा, कारण काही महोत्सव आधी ऑनलाइन खुली झालेली फिल्म घेत नाहीत. मी दोन वर्षांची स्थगिती मागितली. त्या अर्जावर तीन सह्या लागतात आणि तिसरी सही करणारे नेहमी दौऱ्यावर असतात.

मौखिक परीक्षा २० मार्च २०२५ ला झाली. दोन तास दहा मिनिटं. आदल्या रात्री झोप आली नाही. पहिला प्रश्न सिद्धान्तावर येईल म्हणून मी तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांच्या अव्यक्त ज्ञानाच्या (कळतं, पण शब्दांत पूर्ण सांगता येत नाही अशा ज्ञानाच्या) कल्पनेची तयारी करून गेले होते. परीक्षकांनी विचारलं, "३१ मिनिटं १२ सेकंदांवर तुम्ही कट का केला?" मी वही उघडली आणि त्या दिवशीची नोंद वाचून दाखवली. तिथून पुढे ती परीक्षा कमी आणि कामाबद्दलच्या गप्पा जास्त होत्या. शेवटी किरकोळ दुरुस्त्या आणि तीन महिन्यांची मुदत मिळाली. सगळ्यात मोठी दुरुस्ती अशी की वहीतल्या निवडक नोंदी परिशिष्टात जोडा. ३० मे ला दुरुस्त्या दिल्या, १२ जूनला मान्यता आली.

नियमाप्रमाणे तीन बांधीव प्रती लागतात. मी पानं छापून काकांकडे घेऊन गेले. त्यांनी गठ्ठ्यातून एक पान काढलं, वाकवलं, फिरवलं, पुन्हा वाकवलं आणि म्हणाले, "दिशा बरोबर आहे. तू विचारून घेतलास का?" मी हो म्हणाले. दुकानदाराला तंतूंची दिशा विचारली होती, आणि शिवाय स्वतःही वाकवून पाहिलं होतं.

पेन ड्राइव्ह कुठे ठेवायचा, हे नियमावलीत नाही. ग्रंथालयात तो पाकिटात घालून वेगळ्या कपाटात ठेवतात आणि तिथे प्रबंध आणि फिल्म यांची ताटातूट होते. काकांनी मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कापडाचा एक खिसा बसवला, तिन्ही प्रतींना. खळ वाळायला रात्रभर वजनाखाली ठेवावं लागलं, म्हणून २६ तारखेऐवजी २७ ला जमा केलं.